कुंटे माट्साबांची ग्रीन

मी तीन वर्षं इंग्लंडातल्या एका खेड्यात पोस्टमास्तरीण होते. ते खेडं सोनकच्छहून अकरा किलोमीटर आत, आंबलीखेडीच्या सरकारी शाळेच्या दुसऱ्या खोलीत होतं. वर पत्रे, खाली फरशी, भिंतीवर खडूनं काढलेला नकाशा. त्या गावातला पाद्री, लोहार, सरायवाला, घंटा वाजवणारा, सगळे आम्हीच होतो, सहावी ते आठवीची पोरं. आणि ते गाव वसवलं होतं कुंटे माट्साबांनी, जे आयुष्यात भोपाळच्या पुढे गेले नव्हते.

माट्साब म्हणजे मास्टरसाहेब. माळव्यात मास्तरांना असंच म्हणतात. आमच्या गावात मराठी घरं दोनच. एक आमचं, शिंप्याचं. दुसरं माट्साबांचं, आणि त्याला घर म्हणायचं तर त्यात माणूस एकच. ते मूळचे धारचे. आजोबा दरबारात दफ्तरी होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी मराठी अशी यायची की जणू समोर कुणी कारकून बसून लिहून घेतो आहे. 'आपण बसावे', 'मजपाशी वेळ आहे', 'आक्कांचे पत्र आले असे.' आमचं मराठी अर्धं माळवी. ते ऐकून म्हणायचे, "तुझ्या मराठीत पाणी फार घातलंय गं. चव चांगली आहे, पण पाणी कमी कर." रविवारी मला बसवून मराठी वाचायला त्यांनीच शिकवलं. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली, मुलगा-मुलगी सगळ्यांत पहिली. मी हे कुठंही छाती पुढे काढून सांगते. पण हे मराठीत लिहिता येतंय ते कॉलेजमुळे नाही.

तर ते गाव. धारच्या घरी रद्दीत त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची सोळा पानं गेलेली. सतराव्या पानावर ते मधल्याच वाक्यानं सुरू व्हायचं. त्यामुळे लेखक कोण ते माहीत नाही, गावाचं नावही माहीत नाही. एका लहानशा इंग्रजी खेड्यातलं जगणं, एवढंच त्यात होतं. कुणाचा खून नाही, कुणाचं प्रेम नाही. सकाळी कोण आधी उठतं, पाव कुठे भाजला जातो, कोण कोणाशी का बोलत नाही. लोहार आणि गिरणीवाला यांच्या घरांमध्ये एक सफरचंदाचं झाड होतं आणि त्या झाडापायी दोन पिढ्या अबोला होता. पोस्टमास्तरीण पाकिटावरच्या अक्षरावरून ओळखायची पत्र कुणाचं आहे, पण कधी उघडायची नाही. एक म्हातारी विधवा होती, तिच्याकडे गीज होते.

"माट्साब, बतख?" कैलासनं विचारलं होतं.

"बतख नहीं. गीज."

"हंस?"

"हंस भी नहीं. दोनों के बीच का कुछ है. आवाज़ बहुत करता है. तेरे जैसा."

म्हणून ती म्हातारी कैलासला व्हावं लागलं. कैलास गुराख्याचा पोरगा, मांगीलालचा. वर्गात हजेरी घेताना माट्साब नाव घ्यायचेच नाहीत. प्रत्येकापुढे उभं राहून इंग्रजीत विचारायचे, "हू आर यू इन द व्हिलेज?" मग आपण सांगायचं. मी म्हणायचे, "आय कीप द पोस्ट, सर." कैलास उभा राहून, कानापर्यंत लाल होऊन म्हणायचा, "आय कीप द गीज, सर." सगळा वर्ग हसायचा. माट्साब हसायचे नाहीत. "बैठो, मॅडम," म्हणायचे.

दिसायला ते काही खास नव्हते. उंच, पोक आलेलं, सदऱ्याच्या उजव्या खिशाशी खडूचा पांढरा डाग, तो धुतला तरी जायचा नाही. माझे वडील त्यांचे सदरे शिवायचे. ते म्हणायचे, माट्साब, खिसाच पांढऱ्या कापडाचा लावतो. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना फार कमी पाहिलं; तिचं हँडल धरून शेजारून चालायचे, दुसऱ्या हातात कापडदुकानाच्या पिशवीत ते पुस्तक. लग्न केलं नव्हतं. आई खोदून विचारायची तेव्हा म्हणायचे, "वहिनी, दोन गावं सांभाळायची म्हणजे वेळ कुठून आणू?"

त्यांना एक खोड होती. आमच्या गावातल्या प्रत्येक गोष्टीला त्या गावातला जोडीदार शोधायचा. मंदिराचा पुजारी दिसला की, "आला आपला पाद्री." बागडीला हेज. शेताभोवती काटेरी झुडपं लावतात त्याला आमच्याकडे बागड म्हणतात. बुधवारी सोनकच्छच्या मंडीला ट्रॉली घेऊन जायचा तो पूनमचंद म्हणजे तिथला कॅरियर. चौकातल्या ओट्यावर बसणारे म्हातारे म्हणजे सरायीतले म्हातारे, फक्त इथे बिअर नाही, बिडी. एकदा कुणाच्या तरी तेराव्याचं जेवण होतं. आमच्याकडे त्याला नुक्ता म्हणतात, पूर्ण गाव जेवतं. पंगतीत मांगीलालनं त्यांना विचारलं, "माट्साब, तमारा वां नुक्तो होय के नी?"

'तमारा वां' म्हणजे तुमच्या तिथे, म्हणजे इंग्लंडात. गावानं त्यांना तिथलाच धरला होता.

माट्साबांनी खरंच विचार केला. पुरी हातात तशीच. "होता तो है, मांगीलाल. चाय और ठंडा मांस. पर पूरे गाँव को नहीं बुलाते."

"फेर मर्‌या को कई मतलब?" मांगीलाल म्हणाला, आणि पंगत हसून लोळली.

तिथल्या एका गोष्टीला मात्र इथला जोडीदार त्यांना सापडला नाही. ती होती स्टाइल. कपड्यांची नाही. ते सांगायचे, त्या गावात एका शेतातून दुसऱ्या शेतात पायवाट जायची, शेकडो वर्षांची. शेत कितीही मोठ्या माणसाचं असो, त्याला पायवाट बंद करता यायची नाही. कुंपण घातलं तर कुंपणाला लाकडाची पायरी ठेवायची, त्यावर चढून माणूस पलीकडे उतरतो, गुरं मात्र जात नाहीत. ती पायरी म्हणजे स्टाइल. पुस्तकात चित्र होतं, बेचाळिसाव्या पानावर. "कुंपण घालणाऱ्यानंच पायरी ठेवायची, समजलं? जो रोकेगा, वही रास्ता देगा." फळ्यावर ती पायरी ते इतक्या प्रेमानं काढायचे की खडू संपायचा. आमच्याकडे तिला शब्दच नव्हता. कैलास म्हणाला होता, "माट्साब, यहाँ तो तार में करंट छोड़ते हैं."

दुसरी गोष्ट ग्रीन. गावाच्या मधोमध एक गवताची मोकळी जागा. कुणाचीही नाही म्हणून सगळ्यांची. म्हातारीचे गीज तिथे चरायचे, पोरं खेळायची, जत्रा तिथेच. हिला मात्र जोडीदार त्यांना फार लवकर सापडला, आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते आठवडाभर वर्गात तेच सांगत होते. ती आमची चरनोई. गावच्या गुरांसाठी सरकारदफ्तरी राखून ठेवलेली चराईची जमीन. शाळेच्या मागेच सुरू होते, उतारावर, खाकरीची, म्हणजे पळसाची, झाडं, खाली एक तलाई, जिच्यात दिवाळीपर्यंत पाणी असायचं. मांगीलाल सगळ्या गावाची गुरं सकाळी तिथे न्यायचा. दर शनिवारी शेवटच्या तासाला माट्साब आम्हालाही तिथे न्यायचे. गुरं एकीकडे, आम्ही एकीकडे. "अब हम ग्रीन पर हैं," ते म्हणायचे, आणि मग हिंदी बोलायला बंदी.

एकदा इंदूरहून कुणी मोठे साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी कैलासला उठवलं. "बेटा, अपने गाँव के बारे में बताओ."

कैलास तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगू लागला. गावात चर्च आहे, गिरणी आहे. लोहार गिरणीवाल्याशी बोलत नाही, कारण सफरचंदाचं झाड. साहेब बघत राहिले. मग माट्साबांकडे वळून म्हणाले, "ये सिलेबस में है क्या?"

"नहीं साहब," माट्साब म्हणाले. "गाँव सिलेबस में कहाँ होता है."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. माट्साबांची बढती त्यानंतर कधी झाली नाही. बदली मात्र दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी ती अर्ज करकरून थांबवली. त्यांचा सरकारी अर्जांवर फार विश्वास होता. नीट शब्दांत लिहिलं तर माणूस ऐकतो, असं त्यांना वाटायचं.

मी देवासच्या कॉलेजात गेले, बी.ए. केलं, बी.एड. केलं, सोनकच्छला खाजगी शाळेत लागले. या काळात आमच्या गावातलं एकेक जात होतं. लोहार पीथमपूरला कारखान्यात गेला. डाकघर बाजूच्या मोठ्या गावात हललं. मग माट्साब निवृत्त झाले आणि दोन वर्षांत सरकारनं शाळाही दुसऱ्या गावच्या शाळेत मिळवली. खोलीला कुलूप, आत भिंतीवर नकाशा. माट्साब म्हणायचे, "गावाला चार गोष्टी लागतात. शाळा, डाक, लोहार, आणि एक अशी जमीन जी कुणाचीच नाही." चारातली एकच उरली होती.

त्याच सुमारास माझ्या मैत्रिणीचा भाऊ निखिल इंग्लंडहून देवासला आला होता. मी माट्साबांना म्हटलं, चला, त्याला भेटा. त्यांनी वडिलांकडून नवा सदरा शिवून घेतला. देवासच्या त्या दिवाणखान्यात पुस्तक मांडीवर ठेवून ते कोचाच्या टोकावर बसले. समोर पोहे आले, त्यांना हात लावला नाही.

"तुम्ही खेड्यात जाता का कधी?"

"काका, मी राहतोच एका खेड्याजवळ," निखिल म्हणाला. "शहरात भाडं परवडत नाही."

"मग तिथे पोस्ट कोण चालवतं?"

"पोस्ट? बंद झालंय ते. शाळा पण. शाळेचं आता घर केलंय कुणीतरी, खूप सुंदर आहे. पब होता, तोही मागच्या वर्षी बंद पडला. काका, तिथे म्हातारे राहतात, नाहीतर लंडनचे लोक शनिवार-रविवारी येतात. बाकी दिवस सामसूम. कोणी कोणाला ओळखत नाही."

"लोहार?"

निखिल हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

माट्साब बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते गाव आता मजपाशीच आहे." आणि थोड्या वेळानं, अगदी भीत भीत, "आणि ग्रीन?"

"ग्रीन आहे की. तिला कोणी हात नाही लावू शकत. कायदाच आहे तसा. गवत कापतात, बाक ठेवलेत. रिकामीच असते, पण आहे."

तेव्हा त्यांनी पोह्यांची बशी उचलली. परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत मला दोनदा म्हणाले, "सगळं गेलं, पण ग्रीन आहे. बघ."

म्हणून पुढच्या वर्षी जेव्हा पटवाऱ्याकडून बातमी आली की आमची चरनोई एका कंपनीला देण्याचं चाललंय, तेव्हा गावात सर्वांत जास्त हादरले ते माट्साब. मांगीलालपेक्षाही. मांगीलालची तर गुरं होती, रोजी होती. माट्साबांचं काय होतं? पण मला वाटतं, त्यांना ती वाचली तर दोन्ही गावं वाचतील असं वाटत होतं, आणि गेली तर दोन्ही जातील.

कंपनी कसली, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी गोदाम म्हणायचं, कुणी कारखाना. गावाचं मत घेणार आहेत एवढं कळलं होतं. माट्साब एका रविवारी दुपारी आमच्याकडे आले, मला म्हणाले, "तुझा लॅपटॉप काढ. मी सांगतो, तू हिंदीत टाइप कर. सगळं गाव सही करील."

मी टाइप करू लागले. विषय: ग्राम आंबलीखेडी की चरनोई भूमि.

"चरनोई नको," ते म्हणाले. "ग्रीन लिही. ग्राम की ग्रीन."

"माट्साब, कागदात चरनोईच आहे ना. तेच लिहू या."

"अगं, चरनोई म्हटलं की साहेबांना गुरं दिसतात. शेण दिसतं. ग्रीन म्हटलं की गाव दिसेल." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाद घालवेना. "इंग्रजी शब्दाला वजन असतं. आणि शब्द खराच आहे, खोटा नाही."

मी पदवीधर, बी.एड., गावातली शिकलेली. मला तेव्हाही वाटलं होतं की चरनोई लिहायला हवं. मी ग्रीन लिहिलं. एक पान झालं. त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे, कारण मी ते तीनदा टाइप केलं, माट्साबांना त्यातला एकेक शब्द हवा तसा हवा होता: 'हम समस्त ग्रामवासी एकमत से चाहते हैं कि यह भूमि सदैव ग्रीन रहे और इस पर ग्रीन के अतिरिक्त कोई अन्य कार्य न हो.'

मग ते कागद घेऊन घरोघर फिरले. सायकल हातात. पाच पानं सह्यांनी आणि अंगठ्यांनी भरली. मांगीलालनं विचारलं, "कई लिख्यो है इणमें?" माट्साब म्हणाले, "यही कि तेरी गायें वहीं चरेंगी." त्यानं बोटाची शाई धोतराला पुसली आणि म्हणाला, "तम बोलो तो ठीक."

कंपनी सोलरची होती. ग्रीन एनर्जी.

हे आम्हाला कळलं ते पाच महिन्यांनी, चरनोईवरच. मांडव घातला होता, लाल गालिचा, खुर्च्या, बाहेरून आलेले पाहुणे. गावाला बोलावणं होतं, लोकांना वाटलं अर्जाचा निकाल सांगणार. माट्साब पहिल्या ओळीत बसले होते, तोच देवासला जाण्यासाठी शिवलेला सदरा घालून. मी त्यांच्या मागे. पंचायतीचे सचिव माइकवर आले आणि म्हणाले की आंबलीखेडी हे असं पहिलं गाव आहे ज्यानं स्वतः होऊन, लेखी, एकमतानं ग्रीनची मागणी केली. मग त्यांनी ते वाचलं. माझं वाक्य. 'ग्रीन के अतिरिक्त कोई अन्य कार्य न हो.' टाळ्या पडल्या. बाहेरचे पाहुणे वाजवत होते म्हणून आमचेही वाजवू लागले.

"और इस सोच के पीछे जो हैं," सचिव म्हणाले, "हमारे आदरणीय कुंटे माट्साब."

त्यांना वर नेलं. शाल पांघरली, नारळ दिला, हार घातला. ते मांडवाच्या त्या टोकाकडे बघत होते, जिथे सिमेंटचे खांब रचून ठेवले होते आणि तारेची भेंडोळी. माइक त्यांच्यापुढे धरला.

"ये वो ग्रीन नहीं है," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. सचिवांनी माइक परत घेतला आणि हसून म्हणाले, "माट्साब कह रहे हैं, ये उससे भी बढ़कर है." पुन्हा टाळ्या. माट्साब शाल घेऊन खाली आले, खुर्चीत बसले, नारळ मांडीवर. त्या कार्यक्रमाला चहा आणि समोसे होते. गावानं खाल्ले. मीही खाल्ला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर ते जिल्ह्याच्या कार्यालयात तीनदा गेले. पुस्तक घेऊन. एकदा मी सोबत होते. खिडकीतल्या बाबूनं पुस्तकातलं चित्र पाहिलं, म्हातारी, गीज, गवत. म्हणाला, "माट्साब, ग्रीन तो ग्रीन होती है. आप ही ने तो लिखा है." शेवटी एक तरुण अधिकारी भेटले, चांगले होते, त्यांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, आप मन पर मत लीजिए. आपकी अर्ज़ी नहीं होती तो भी यही होता. फ़ाइल पहले से चल रही थी."

मला वाटलं, बरं झालं, ओझं उतरलं. बाहेर आल्यावर जिन्यात ते थांबले. कठड्याला धरून म्हणाले, "ऐकलंस? अर्जानं वाचवलीही नाही आणि घालवलीही नाही. इतका नीट लिहिला होता." त्या दिवसानंतर त्यांनी कुठला अर्ज लिहिलेला मला माहीत नाही.

गाव त्यांना रागवलं नाही, हे त्याहून वाईट होतं. गावानं गंमत केली. तारेचं कुंपण झालं, पाट्या लागल्या, ओळीनं काळ्या काचा आल्या. कुणाची म्हैस तारेला अडली की म्हणायचे, "माट्साब री ग्रीन में चली गई थी." पोरं त्यांना पाहून म्हणायची, "भिया, ग्रीन आई." मांगीलाल एकटा वेगळा. त्यानं गुरं एकेक करून मालकांना परत केली, कारण चारायला न्यायची कुठे? स्वतःच्या दोन गाई होत्या त्या राजगढकडच्या एका गोशाळेत सोडून आला. तिकडून आल्यावर तो माट्साबांच्या ओट्यापाशी आला. मी तिथेच होते, त्यांना चहा द्यायला गेले होते. मांगीलाल बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "माट्साब, तमारा कागद पे म्हारो अंगूठो थो."

"हाँ मांगीलाल."

"म्हने पूछ्यो थो, कई लिख्यो है."

"हाँ. पूछा था."

मांगीलालनं आपला अंगठा एकदा पाहिला आणि गेला. माट्साबांनी चहाची बशी खाली ठेवली, ती संध्याकाळपर्यंत तशीच होती, आईनं मग उचलली. मी मनात वाक्यं जुळवत होते. की मी सांगितलं होतं, चरनोई लिहू या. की टाइप मीच केलं. दोन्ही खरी होती.

पुढे त्यांचं बोलणं कमी झालं. मराठीही, हिंदीही. रविवारी मी वाचायला म्हणून जायचे तर ते पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणायचे, "तू वाच, मला दिसत नाही." पण डोळे ठीक होते. एकदा वाचता वाचता मी 'द ग्रीन' म्हणाले तर हात वर करून थांबवलं. त्यानंतर मी तो शब्द आला की ओलांडून पुढे जायचे. पुस्तकात तो जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या थंडीत धारहून त्यांची भाची आली आणि त्यांना घेऊन गेली. तिथेच ते दोन महिन्यांत गेले. मला निरोप उशिरा पोचला. पुस्तक माझ्याकडे आहे, कापडदुकानाच्या त्याच पिशवीत. मी ते शाळेत शिकवत नाही. आमच्या खाजगी शाळेत सिलेबस आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भाची येण्याच्या आदल्या आठवड्यात. सुट्टीचा दिवस होता, मी गावी आले होते. आई म्हणाली, माट्साब घरी नाहीत, सकाळपासून तिकडे आहेत. तिकडे म्हणजे चरनोईवर. आई अजून चरनोईच म्हणते. मी गेले. फाटकावर सिक्युरिटीच्या निळ्या गणवेशात कैलास बसला होता. कंपनीनं गावातल्या दोघांना ठेवलं, त्यातला तो एक. मला बघून उभा राहिला, मग ओळखून पुन्हा बसला.

"जीजी, वो उधर हैं," त्यानं बोटानं दाखवलं. "रोज़ आते हैं. पूरा चक्कर लगाते हैं."

"अंदर आना चाहते हैं?"

"नहीं. पहले दिन मैंने बोला, माट्साब, अंदर मना है. तो बोले, हू आर यू इन द व्हिलेज?" कैलास खाली बघत टोपीची कड दुमडत होता. "मैं क्या बोलता. गीज बोला."

"फिर?"

"तो बोले, ठीक है, तू अपना काम कर, मैं अपना देखता हूँ. और तब से ये ही." तो थांबला. "तार के साथ-साथ चलते हैं. एक-एक खंबा हाथ लगाकर. मैंने पूछा क्या ढूँढ रहे हो, तो बोले, पायरी. किधर रखी है, दिखी नहीं अभी तक. जीजी, ये पायरी क्या चीज़ है?"

त्याला बेचाळिसाव्या पानावरची स्टाइल आठवत नव्हती.

माट्साब खालच्या कोपऱ्यावरून, जिथे पूर्वी तलाई होती तिथून, वर चढत येत होते. सायकल नव्हती. पोक अजून वाढलं होतं. एक हात तारेवरून सरकत होता, खांब आला की थांबत होता, खांबाच्या खाली, बाजूला वाकून बघत होता, मग पुढे. पलीकडे काचांच्या ओळी, त्यांच्यात आकाश दिसत होतं. माझ्याजवळ आले तेव्हा मला वाटलं, ओळखलं नाही. पण त्यांनी मान वर केली.

"पोस्टमास्तरीणबाई," म्हणाले. "बरं झालं आलीस. मजकडून ही बाजू होत आली आहे. तू त्या बाजूनं बघत ये."

मी वरच्या बाजूनं निघाले. तारेला हात लावून, प्रत्येक खांबाशी थांबून, वाकून बघत. सगळी बाजू संपेपर्यंत.